इराक्लिओचा विमानतळ हलतोय: क्रीट, कास्तेली आणि आपल्या मोपाशी असलेलं नातं

नेकारकाठ

ग्रीसमध्ये अथेन्सच्या खालोखाल प्रवासी कुठल्या विमानतळावर येतात असं विचारलं, तर बहुतेक जण सांतोरिनी नाहीतर थेस्सालोनिकी म्हणतात. प्रत्यक्षात तो मान क्रीट बेटावरच्या इराक्लिओचा आहे. क्रीटची लोकसंख्या सव्वासहा लाखांच्या आसपास, आणि या एका विमानतळावरून वर्षाला ऐंशी लाखांहून जास्त माणसं ये-जा करतात. तीही वर्षभर सारखी नाहीत. बहुतेक गर्दी एप्रिलअखेर ते ऑक्टोबर या काळातली. जानेवारीत तिथे अथेन्सची विमानं आणि शांतता असते, तर जुलैत तासातासाला जर्मनी, इंग्लंड, पोलंड, फ्रान्सची विमानं उतरत असतात. शिवाय याच बेटाच्या पश्चिमेला खानियाला दुसरा मोठा विमानतळ आहे, त्याची गर्दी वेगळीच.

हा इराक्लिओचा विमानतळ लवकरच बंद होणार आहे. शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर, आग्नेयेला कास्तेली नावाच्या गावाजवळ नवीन विमानतळ बांधला जातोय. तो सुरू झाला की जुन्यावरची प्रवासी वाहतूक थांबेल. फेब्रुवारी २०१९ मध्ये करार झाला, २०२० मध्ये काम सुरू झालं, आणि पूर्ण व्हायची तारीख तेव्हापासून पुढे सरकत आली आहे. करार ३५ वर्षांचा आहे. करारावेळची वाटणी अशी: ग्रीक सरकार ४५.९ टक्के, टेर्ना ही ग्रीक बांधकाम कंपनी ३२.४६ टक्के आणि जीएमआर २१.६४ टक्के.

हो, तीच जीएमआर. दिल्ली, हैदराबाद आणि गोव्यातल्या पेडण्याचा मोपा हे विमानतळ चालवणारी. म्हणूनच हा धागा मराठीत काढावासा वाटला. क्रीटच्या ऑलिव्हच्या मळ्यांत जे घडतंय त्यात आपल्याकडची एक कंपनी भागीदार आहे, आणि पेडण्याच्या लोकांनी जे पाहिलं त्यातलं बरंच काही तिकडच्या लोकांपुढेही येणार आहे.

मी स्वतः श्टुटगार्टला राहतो. इथून क्रीट साडेतीन तासांच्या आत. जर्मन लोकांसाठी ते बेट म्हणजे कोकणातल्या माणसाला गोवा वाटावं तितकं जवळचं. पण बहुतेकांना विमानतळ म्हणजे पट्ट्यावरची बॅग आणि बाहेर उभी असलेली हॉटेलची बस, एवढाच ठाऊक असतो. मला त्या जागेचा इतिहास कळला तसं वाटायला लागलं की हा विमानतळ बंद होण्याआधी त्याच्याबद्दल नीट बोललं पाहिजे. किती गर्दी बेटाने पेलायची हे कुणी ठरवायचं, हा माझा मूळ प्रश्न आहे.

विमानतळाला नाव आहे निकोस कझानझाकिस यांचं. हे कादंबरीकार १८८३ मध्ये इराक्लिओतच जन्मले, तेव्हा क्रीट ऑटोमन साम्राज्यात होतं. १९५७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला तो इथे जर्मनीत, फ्राइबुर्गला. त्यांची समाधी इराक्लिओच्या व्हेनिशियन तटबंदीच्या मार्टिनेंगो बुरुजावर आहे. विमानतळापासून शहर जेमतेम पाच किलोमीटर आहे, त्यामुळे विमानातून उतरून थेट समाधीवर जायला फार वेळ लागत नाही. कास्तेलीहून हे इतकं सोपं राहणार नाही.

बाकीचं प्रतिसादांत लिहीन. कुणी जाऊन आलं असेल, किंवा मोपाजवळ राहत असेल, तर जरूर लिहा.

---

भटकी_मुंबईकर

छान विषय. एक बाळबोध शंका. भारतातून क्रीटला जायचं तर इमिग्रेशन कुठे होतं? आणि सांतोरिनी-क्रीट दोन्ही करता येतं का?

---

नेकारकाठ

ताई, भारतातून इराक्लिओला थेट विमान नाही. अथेन्समार्गे गेलात तर इमिग्रेशन अथेन्सला होईल, जर्मनीमार्गे गेलात तर फ्रँकफुर्ट किंवा म्युनिकला. त्यापुढचा प्रवास शेंगेनच्या (युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांच्या) आतला, म्हणजे इराक्लिओत पासपोर्टच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. ती रांग मुख्यतः ब्रिटनहून थेट येणाऱ्यांची असते, आणि ब्रेक्झिटनंतर ती वाढली आहे. इंडिगोने मुंबई-अथेन्स थेट सेवा जाहीर केल्यापासून आपल्याकडून जाणं सोपं होईल असं दिसतंय.

सांतोरिनी क्रीटच्या उत्तरेला आहे. हंगामात इराक्लिओ बंदरातून वेगवान बोटी जातात, साधारण दोन तासांत पोचतात.

---

रनवे२७

विमान वाहतुकीच्या क्षेत्रात बरीच वर्षं काम केलं आहे, तेव्हा तांत्रिक बाजू थोडी मांडतो. जुन्या विमानतळाला लोक सहज नावं ठेवतात, पण त्याची अडचण कुठून आली ते समजून घ्यावं.

मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, समुद्रकिनाऱ्याला जवळजवळ समांतर. लांबी २,७०० मीटरच्या आसपास. मध्यम पल्ल्याच्या विमानांना ती पुरते. अडचण धावपट्टीपेक्षा जास्त बाकीच्या जागेची आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वस्ती, आणि उरलेल्यात ग्रीक हवाई दलाचाही वाटा. विमानं उभी करायला जागा मोजकी. टर्मिनलला एअरोब्रिज नाहीत, म्हणजे प्रवासी उतरतात ते शिडीने आणि बसने जातात.

आता यात सुट्टीच्या धंद्याचं वेळापत्रक घाला. पॅकेज सहली एक आठवडा, दोन आठवडे अशा हिशेबाने विकल्या जातात. त्यामुळे ठरावीक वारी, ठरावीक तासांत विमानं एकदम येतात. एक भरलेलं विमान उतरतं, तासाभरात तेच विमान मागच्या आठवड्याचे प्रवासी घेऊन परत जातं. सरासरी काढली तर विमानतळ ठीक वाटतो, पण विमानतळाचा आकार सरासरीवर ठरत नाही, सर्वांत गर्दीच्या तासावर ठरतो. आणि त्या गर्दीच्या तासासाठी बांधलेली इमारत हिवाळ्यात निम्म्याहून जास्त रिकामी राहते. बेटांवरच्या सगळ्याच विमानतळांचं हे अर्थकारण आहे.

दुसरं, वारा. उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा वाहतो, त्याची वैमानिकांना सवय असते. त्रास होतो तो दक्षिणेच्या वाऱ्याचा. इराक्लिओच्या दक्षिणेला डोंगर आहेत, नैऋत्येला प्सिलोरितिस २,४५६ मीटर उंच. दक्षिणेचा वारा त्यांच्यावरून ओलांडून खाली कोसळतो तेव्हा धावपट्टीच्या आसपास हवा फार खळबळते. वसंतात याच वाऱ्याबरोबर सहारातली धूळ येते आणि आकाश नारिंगी होतं. २०१८ च्या मार्चमध्ये क्रीटवर अशी मोठी धूळ आली होती.

कास्तेलीची धावपट्टी ३,२०० मीटरची आखली आहे, आणि विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण ३५० मीटर उंचीवर, डोंगरांमधल्या सखल भागात. पूर्वेला दिक्तीची रांग. वाऱ्याचा प्रश्न तिथे संपत नाही, त्याचं रूप बदलतं. जागा मात्र भरपूर आहे आणि समुद्राने अडवलेलं नाही. तांत्रिकदृष्ट्या हलवण्याचा निर्णय मला योग्य वाटतो.

---

नेकारकाठ

उत्तम प्रतिसाद, रनवे२७. 'सर्वांत गर्दीचा तास' हा मुद्दा मला हवाच होता.

पण हवाई दलाची गोष्ट कास्तेलीलाही लागू आहे. तिथे आधीपासून हवाई दलाचा तळ आहे. तेव्हा दोन्हीकडे नागरी आणि लष्करी शेजार राहणारच.

---

पेडणेंकार

नमस्कार. मी पेडण्याचा. मोपाचा विषय निघाला म्हणून लिहितो, नाहीतर नुसतं वाचणारा माणूस.

गोंयात आधी दाभोळी. पोर्तुगीजांच्या काळातला, पुढे नौदलाकडे गेला. आजही तो नौदलाचा तळ आहे, आणि आठवड्याच्या दिवसांत सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखलेले असत, त्या वेळात नागरी विमानं घेत नसत. तुमच्या इराक्लिओसारखंच. चार्टर विमानंही तीच. १९८७ मध्ये जर्मनीच्या कोंडोर कंपनीचं विमान पहिल्यांदा दाभोळीला चार्टर घेऊन आलं. तेव्हा बाणावली, कळंगुटला त्या चार्टरवर किती घरं उभी राहिली ते जुन्या लोकांना विचारा.

मग मोपा. जीएमआरबरोबर २०१६ मध्ये करार, ४० वर्षांचा. २०१९ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण मंजुरी स्थगित केली, कारण अर्जात परिसराची माहिती नीट दिली नव्हती. २०२० च्या जानेवारीत अटी घालून परवानगी दिली. ५ जानेवारी २०२३ ला विमानं सुरू झाली.

पठार होतं ते. काजूची झाडं, गुरांना चरायला जागा, पठाराखाली गावांचे झरे. पठारावरचं पाणी मुरतं आणि खाली झऱ्यांत येतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. बाहेरच्याला वर नुसता कातळ दिसतो. कास्तेलीबद्दल वाचताना मला पहिला प्रश्न हाच पडला की तिथल्या लोकांचं पाणी कुठून येतं.

आणि एक. नेकारकाठ दादा, मोपा झाल्यावर दाभोळी बंद केला नाही. दक्षिण गोंयच्या लोकांनी तो चालू राहावा म्हणून आवाज उठवला. क्रीटमध्ये जुना पूर्ण बंद होणार म्हणता. मग इराक्लिओ शहराचे लोक काय म्हणतात?

---

नेकारकाठ

पेडणेंकारभाऊ, तुमचा प्रतिसाद वाचून धागा काढल्याचं समाधान वाटलं.

आधी पाण्याचं. इराक्लिओ शहराला आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या पट्ट्याला अपोसेलेमिस धरणाचं पाणी मोठ्या प्रमाणात मिळतं. या धरणात स्फेंदिली नावाचं गाव बुडालं. पाणी चढत गेलं तसं घरं, चर्च सगळं पाण्याखाली गेलं. २०२४ च्या कोरड्या वर्षात पाणी इतकं उतरलं की गाव पुन्हा दिसायला लागलं. म्हणजे एका गावाने घर दिलं, तरी पाणी पुरेनासं झालं आहे. ऑलिव्हला उन्हाळ्यात पाणी लागतं, हॉटेलांनाही उन्हाळ्यातच. विमानतळाची क्षमता वाढवायचा निर्णय घेताना धरणाची क्षमता वाढलेली नसते, आणि हे दोन हिशेब वेगवेगळ्या टेबलांवर होतात. माझी खरी तक्रार याच्याशी आहे.

आता शहराचं. इथे दोन बाजू आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. विमानतळाला अगदी लागून जी वस्ती आहे तिचं नाव निया अलिकार्नासोस, म्हणजे नवं हालिकार्नासस. १९२२ मध्ये तुर्कांकडून ग्रीसचा पराभव झाल्यानंतर आशिया मायनरमधून लाखो ग्रीक निर्वासित झाले आणि १९२३ च्या लोझान करारानुसार लोकांची अदलाबदल झाली. हालिकार्नाससहून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या बोद्रुमहून आलेल्यांनी इथे घरं बांधली. क्रीटमधले मुस्लीम त्याच करारात तुर्कस्तानला गेले. विमानतळ आला तो त्यांच्यानंतर. उन्हाळ्याच्या रात्री खिडक्या उघड्या ठेवून झोपणाऱ्या त्या लोकांनी कित्येक दशकं विमानांचा आवाज सोसला आहे. विमानतळ जाणार याचा त्यांना आनंद होत असेल तर त्यांना कोण काय म्हणणार?

दुसरी बाजू शहरातल्या छोट्या धंद्यांची. पर्यटकांची मोठी हॉटेलं आहेत ती शहराच्या पूर्वेला, खेर्सोनिसोस, स्तालिदा, मालिया या पट्ट्यात. कास्तेली त्या पट्ट्याच्या बरोबर मागे आहे. म्हणजे नवीन विमानतळावर उतरलेला माणूस इराक्लिओकडे न वळता थेट हॉटेलात जाईल. आज निदान तो शहराला खेटून जातो, परतीच्या दिवशी चार तास हातात असले तर सामान कुठेतरी ठेवून संग्रहालय पाहतो, बाजारात जेवतो. ते चार तास आता रस्त्यात जातील.

---

डेक्कनची_माती

पुरातत्त्वाची विद्यार्थिनी आहे, म्हणून पापुराबद्दल कुणी लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटलं. माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकल्पातली सर्वांत मोठी गोष्ट तीच.

कास्तेलीच्या वायव्येला पापुरा नावाची टेकडी आहे, ४९४ मीटर उंच. विमानतळाचं रडार बसवायचं म्हणून तिथे काम सुरू झालं आणि माथ्यावर मिनोअन काळातली, म्हणजे क्रीटच्या कांस्ययुगीन संस्कृतीतली, एक गोल वास्तू निघाली. जून २०२४ मध्ये ग्रीक संस्कृती मंत्रालयाने ती जाहीर केली. दगडी भिंतींची आठ वर्तुळं, एकात एक. पूर्ण व्यास सुमारे ४८ मीटर, क्षेत्रफळ सुमारे १,८०० चौरस मीटर. मधोमध १५ मीटर व्यासाची गोल इमारत, तिच्या आतल्या भागाचे चार खण. भिंती काही ठिकाणी १.७ मीटर उंचीपर्यंत शिल्लक आहेत. मुख्य वापराचा काळ इसवीसनपूर्व २००० ते १७००, म्हणजे इराक्लिओजवळच्या प्राचीन क्नोसोसचे पहिले राजवाडे ज्या काळात उभे राहिले तोच. तिथे जनावरांची हाडं मोठ्या प्रमाणात मिळाली, त्यावरून सामूहिक जेवणं, विधी, काहीतरी उत्सवी वापर असावा असा अंदाज आहे.

मिनोअन वास्तुकलेत काटकोन असतात. गोल बांधकाम म्हटलं की मेसाराच्या खोऱ्यातल्या गोल थडग्यांची आठवण येते, पण हे थडगं दिसत नाही. क्रीटमध्ये याला जुळणारं दुसरं उदाहरण नाही. ज्या शाखेत शंभर-सव्वाशे वर्षं उत्खनन चालू आहे तिथे असं अचानक काही निघणं म्हणजे काय, हे शब्दांत सांगणं मला कठीण जातंय. वर्तमानपत्रांनी लगेच 'चक्रव्यूह सापडला' वगैरे मथळे दिले, तिकडे दुर्लक्ष करा. चक्रव्यूहात राहणाऱ्या मिनोटॉर या बैलमुखी राक्षसाच्या गोष्टीशी जोडायला कुठलाही पुरावा नाही.

मंत्री लीना मेंदोनी स्वतः पुरातत्त्वज्ञ आहेत. वास्तू जपली जाईल आणि रडारसाठी दुसरी जागा शोधता येईल असं त्यांनी तेव्हा सांगितलं. पुढे रडारच्या जागेवरून पुन्हा वाद पेटला आणि ग्रीक पुरातत्त्वज्ञांनी जाहीर विरोध केला.

मला कळकळीने एवढंच म्हणायचंय की वास्तू म्हणजे फक्त दगड नव्हेत. चार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ती नेमकी त्या माथ्यावर बांधली, कारण तिथून चौफेर दिसतं. रडारलाही तो माथा त्याच कारणासाठी हवा आहे. पण शेजारी मनोरा आणि कुंपण आलं तर तिथे उभं राहून ते 'चौफेर' अनुभवता येणार नाही. मग वास्तू वाचली असं म्हणायचं का?

---

रनवे२७

डेक्कनची_माती, तुमचा मुद्दा मनाला भिडला. तरी रडारची बाजू मांडतो, कारण ती मांडणारं इथे दुसरं कुणी नाही.

डोंगरांनी वेढलेल्या विमानतळाला रडार कुठेही ठेवून चालत नाही. डोंगराआड गेलेलं विमान त्याला दिसत नाही. म्हणून उंच, मोकळी आणि विमानतळाच्या जवळची जागा लागते, आणि अशा जागा एका खोऱ्यात दोन-तीनच असतात. दुसरी जागा मिळते, पण त्यासाठी पुन्हा मोजमाप, रस्ता, वीज, कधी एकाऐवजी दोन रडार. हे सगळं करता येतं. फक्त वेळ आणि पैसा लागतो, आणि तो खर्च करायची तयारी कुणाची, हा प्रश्न उरतो. माझ्या मते तो खर्च करायला हवा. विमानतळाचं आयुष्य पन्नास-साठ वर्षांचं, त्याच्यासाठी चार हजार वर्षांची जागा बिघडवू नये.

---

डेक्कनची_माती

रनवे२७ काका, तुमच्या क्षेत्रातल्या माणसाकडून हे ऐकून फार बरं वाटलं.

---

जुनी_पानं

युद्धाच्या इतिहासात रस असलेल्यांसाठी. इराक्लिओच्या त्या धावपट्टीवर जे घडलंय ते तिथे उतरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं असं मला वाटतं.

२० मे १९४१ ला जर्मन छत्रीधारी सैनिक क्रीटवर उतरले. लक्ष्य होतं तीन धावपट्ट्यांचं: मालेमे, रेथिम्नो आणि इराक्लिओ. इराक्लिओला ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि ग्रीक सैनिक होते, आणि हातात मिळेल ते घेऊन लढणारे गावकरी. तिथला हल्ला त्यांनी परतवला. विमानतळ जर्मनांना लढून घेता आला नाही. पण पश्चिमेला मालेमे पडलं, तिथे जर्मन विमानांनी भराभर कुमक उतरवली आणि बेट गेलं. २८-२९ मेच्या रात्री ब्रिटिश नौदलाने इराक्लिओच्या बंदरातून सैन्य काढून नेलं. परतीच्या वाटेवर जहाजांवर बॉम्ब पडले, 'हेरवर्ड' आणि 'इम्पीरियल' या विनाशिका गमावल्या, 'ओरायन' या युद्धनौकेवर फार माणसं मेली. जे गावकरी लढले ते मागेच राहिले.

पुढच्याच वर्षी, जून १९४२ मध्ये, ब्रिटिश अधिकारी जॉर्ज जेलिको आणि फ्रेंच अधिकारी जॉर्ज बेर्जे यांच्या छोट्या तुकडीने रात्री या विमानतळात शिरून जर्मन विमानं उडवली. त्याचा सूड म्हणून १४ जूनला जर्मनांनी इराक्लिओच्या ५० नागरिकांना गोळ्या घातल्या. त्याच महिन्यात आधी १२ जणांना मारलं होतं. शहरातल्या एका मोठ्या रस्त्याला '६२ हुतात्मे' असं नाव आहे ते यांच्यासाठी.

---

नेकारकाठ

जुनी_पानं, मनापासून आभार. इथे माझ्या जर्मन सहकाऱ्यांपैकी काहींना मालेमेचं जर्मन दफनभूमीचं ठिकाण माहीत आहे, पण ६२ जणांचं नाही. आज त्याच धावपट्टीवर सर्वांत जास्त परदेशी पाहुणे जर्मनीहून येतात आणि इराक्लिओचे लोक त्यांचं मनापासून स्वागत करतात. मला त्या लोकांबद्दल फार आदर वाटतो.

---

नकाशा_आणि_नियम

नगररचनेत काम करते, पुण्यात. एका गोष्टीकडे कुणी लक्ष वेधलं नाही: जुना विमानतळ बंद झाल्यावर त्या जमिनीचं काय?

ग्रीसला याचा अनुभव आहे आणि तो फारसा चांगला नाही. अथेन्सचा जुना विमानतळ एल्लिनिको, समुद्राकाठचाच. मार्च २००१ मध्ये नवा विमानतळ सुरू झाला (तो क्रीटमध्ये जन्मलेल्या एलेफ्थेरिओस वेनिझेलोस यांच्या नावाचा) आणि एल्लिनिको बंद पडला. तिथे मोठं सार्वजनिक उद्यान होणार असं बोललं गेलं. २००४ च्या ऑलिम्पिकसाठी काही मैदानं बांधली, तीही नंतर ओस पडली. २०१५ नंतर काही काळ तिथे निर्वासितांची छावणी होती. जवळपास वीस वर्षांनी, २०२० मध्ये, खासगी विकासकाचं काम सुरू झालं. आता उद्यानाबरोबर तिथे टॉवर, मॉल, कॅसिनो आणि महागडी घरं येत आहेत.

इराक्लिओची जागा शहरापासून पाच किलोमीटरवर, थेट समुद्राकाठी. ज्या वस्तीने इतकी वर्षं आवाज सोसला, तिच्या वाट्याला मोकळी जमीन येते की उंच इमारतींची भिंत, हे विमानं थांबायच्या आधी लिहून घ्यायला हवं. नंतर ज्याच्याकडे पैसा त्याचा आराखडा. हे मी फार ठामपणे म्हणते, कारण रिकामी सरकारी जमीन किती वेगाने 'विकासयोग्य' होते ते रोज कागदावर बघते.

---

पेडणेंकार

नकाशा ताई, एकदम खरं. आमच्याकडे उलट झालं. जमीन गेली ती नव्या विमानतळाच्या आजूबाजूची. धावपट्टीला घेतली तेवढीच नव्हे. विमानतळ येणार म्हटल्यावर पेडणे तालुक्यात आणि पलीकडे दोडामार्ग, सावंतवाडीतही जमिनींचे भाव चढले, बाहेरचे खरेदीदार आले. ज्यांनी आधी विकलं त्यांना स्वस्तात गेलं. टॅक्सीवाल्यांना आपल्याच तालुक्यातल्या विमानतळावर जागा मिळावी म्हणून आंदोलन करावं लागलं.

कास्तेलीच्या लोकांना कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन: नोकऱ्या मिळतात, पोरं कामाला लागलीत, ते खोटं नाही. पण जे काय हवं ते विमान सुरू होण्याआधी लेखी घ्या. माझा भाचा मोपाला सामान विभागात आहे, त्याचं घर त्या पगारावर चालतं. आणि माझ्या बहिणीची काजूची बाग त्याच पठारावर होती. दोन्ही एकाच घरात आहे.

---

सोलापुरी_शेंगा

वाचून भारावलो. मला एक कळत नाही, सरकारने इराक्लिओ स्वतःकडे का ठेवला होता? ग्रीसचे विमानतळ तर जर्मन कंपनीला दिले ना?

---

नेकारकाठ

बरोबर. कर्जसंकटानंतर ग्रीसने १४ प्रादेशिक विमानतळ फ्रापोर्टच्या नेतृत्वाखालच्या कंपनीला ४० वर्षांसाठी दिले, आगाऊ रक्कम १.२३ अब्ज युरो. एप्रिल २०१७ मध्ये ताबा गेला. त्यात सांतोरिनी, मिकोनोस, कोर्फू, रोड्स, कोस आणि क्रीटमधलंच खानिया आहे. इराक्लिओ त्यात नव्हता, कारण त्याच्या जागी कास्तेली बांधायचं आधीपासून घाटत होतं. तो ग्रीक नागरी विमान वाहतूक खात्याकडेच राहिला. परिणाम असा की त्या चौदांवर नवीन टर्मिनलं, दुरुस्त्या झाल्या, आणि देशातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या विमानतळावर मोठा खर्च कुणी करेना. बंदच होणार असलेल्या जागेवर कोण पैसा घालणार? त्यामुळे प्रवाशांनी आणि तिथल्या कर्मचाऱ्यांनी मधली सगळी वर्षं तशीच काढली. भर उन्हात धावपट्टीवर काम करणाऱ्या त्या लोकांबद्दल कुणी लिहीत नाही. बरेचसे हंगामी असतात, ऑक्टोबर संपला की काम संपतं, मग हिवाळ्यात ऑलिव्ह तोडणी. कास्तेलीच्या परिसरातली हजारो ऑलिव्हची झाडं या कामात गेली आहेत. हंगामी माणसाच्या हिशेबात हाही एक खड्डा आहे.

रनवे२७ म्हणतात तसं हलवणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल. अलिकार्नासोसच्या लोकांसाठी ते न्याय्यही आहे. माझा आक्षेप क्षमतेच्या आकड्याला आहे. नवीन विमानतळ मोठा बांधला की तो भरायची घाई होते, कारण ३५ वर्षांत पैसे वसूल करायचे असतात. मग एप्रिल ते ऑक्टोबरची गर्दी आणखी वाढणार. त्याऐवजी आहे तीच माणसं वर्षभरात पसरवता आली, नोव्हेंबर आणि मार्चमध्ये विमानं आली, तर पाण्यावर आणि माणसांवर ताण कमी पडेल. क्रीटचा हिवाळा सौम्य असतो, क्नोसोस उघडं असतं, डोंगरावर बर्फ असतं. आपल्यापैकी जे जाणार असतील त्यांना माझी विनंती आहे, जुलै-ऑगस्ट टाळा.

---

भटकी_मुंबईकर

हे सगळं वाचून आमचा बेत बदलला! ऑगस्टऐवजी मेच्या सुरुवातीला जातोय, मी आणि आई. आईला विमान बदलण्याचा कंटाळा आहे. अथेन्सहून बोटीने जाता येईल का? आणि इराक्लिओत विमानतळाजवळ पाहण्यासारखं काही?

---

जुनी_पानं

ताई, अथेन्सच्या पिरेअस बंदरातून रात्रीचं मोठं जहाज निघतं आणि पहाटे इराक्लिओला लागतं. साधारण नऊ तास. केबिन घ्या, आईंना नीट झोपता येईल. बंदरावर उतरलात की जुनं शहर समोरच आहे आणि पुरातत्त्व संग्रहालय चालत जाण्यासारखं.

परतीला विमान घेणार असाल तर आदल्या संध्याकाळी अम्निसोसला जा. विमानतळाच्या पूर्वेचा किनारा. क्नोसोसचं हे प्राचीन बंदर, होमरच्या ओडिसीत याचा उल्लेख आहे. १९३२ मध्ये स्पिरिदोन मारिनातोस यांनी इथे उत्खनन केलं आणि लिलीच्या फुलांची भित्तिचित्रं असलेलं मिनोअन घर सापडलं. चित्रं आता इराक्लिओच्या संग्रहालयात आहेत, ती आधी बघून घ्या म्हणजे जागा कळेल. उतरणारी विमानं तिथे डोक्यावरून अगदी कमी उंचीवरून जातात, आईंना आवाजाची कल्पना देऊन ठेवा.

---

रनवे२७

यात भर: वारा पश्चिमेचा-वायव्येचा असेल तेव्हाच विमानं अम्निसोसवरून उतरतात, बहुतेक दिवस तसंच असतं. आणि मेच्या सुरुवातीला ऑर्थोडॉक्स ईस्टर येतोय का ते बघून घ्या. दर वर्षी तारीख बदलते. त्या आठवड्यात अथेन्सची माणसं मोठ्या संख्येने गावी जातात आणि पिरेअसच्या जहाजांच्या केबिन फार आधी संपतात. तसं असेल तर जहाजाचं तिकीट आधी काढा, विमानाचं त्याच्या तारखेनुसार ठरवा.